पावसाळा, पितळ आणि पुंगळ्या

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता परवानगी मिळाली आहे, तेव्हा डोक्यात साठलेलं एकदा उतरवून टाकतो. विषय जरा विचित्र आहे. बंदुकीच्या वापरलेल्या पुंगळ्यांचा. पण शेवटी तो आपल्या घरातल्या एका जुन्या गोष्टीपाशी येऊन थांबतो, तेव्हा नातेवाईक मंडळींनी मधेच उठून जाऊ नये ही विनंती.

सुरुवात झाली आमच्या पुतण्यामुळे. तो टेक्सासमध्ये असतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे जाऊन त्याला नेमबाजीचा छंद लागला (वहिनींना हे अजिबात आवडलेलं नाही, आणि त्यांच्यासमोर मी हा विषय काढत नाही). त्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉलवर आपलं टेबल दाखवलं. टेबलावर पितळी पुंगळ्यांचा ढीग, एक भिंग, एक छोटी बॅटरी आणि एक कागदाला लावायची साधी टाचणी, म्हणजे आपण यू-पिन म्हणतो ती, सरळ करून टोकाला वाकवलेली. एकेक पुंगळी उचलायची, बोटांत फिरवायची, तोंडाशी तडा आहे का बघायचं, आत बॅटरी मारायची, मग ती वाकवलेली तार आत घालून तळाजवळ भिंतीवरून घासत आणायची. तार कुठे अडखळली की पुंगळी बाद.

"काका, एकदा उडवलेली पुंगळी पुन्हा भरून वापरता येते. पण आधी तपासावी लागते. तडा गेलेली भरली तर बंदूक आणि तोंड दोन्हीचं वाटोळं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, हे मी पन्नास वर्षांपूर्वी कामठीला शिकलोय."

त्याला खरं वाटेना. त्याच्या लेखी काका म्हणजे मराठी आणि इतिहास शिकवणारे, धोतराची गिरणी बंद पडली तरी हळहळणारे गृहस्थ. पण आमच्या वेळी शाळेत एन.सी.सी. होती आणि तरुण शिक्षकाच्या गळ्यात ती घातली जायची. तशी ती माझ्या गळ्यात पडली आणि प्रशिक्षणासाठी मला नागपूरजवळ कामठीला पाठवण्यात आलं. एन.सी.सी.च्या शिक्षक-अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तिथे होतं, आजही होतं. तिथे आम्हां मास्तरमंडळींच्या हातात थ्री नॉट थ्री रायफल दिली. पहिल्या गोळीला खांदा असा काही शेकला की रात्री कुशीवर वळता येईना.

पण गोळीबारापेक्षा जास्त वेळ जायचा तो नंतर. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. आमचे उस्ताद त्यांना 'खोका' म्हणत. एक खोका कमी पडला तर सगळी पलटण गुडघ्यांवर बसून गवत चाळायची. एकदा उस्तादांनी त्या ढिगातून एक पुंगळी उचलून माझ्यासमोर धरली. मानेपासून खाली उभी, केसासारखी बारीक चीर. दुसरी दाखवली, तिच्या बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं उमटलं होतं. "मास्टरजी, यह गले से गया, और यह कमर से जानेवाला था," ते म्हणाले. कमरेतून गेली म्हणजे काय, तर पुंगळीचं बूड बाहेर येतं आणि उरलेलं नळकांडं बंदुकीतच अडकून बसतं. पुढची गोळी आत जात नाही. लढाईत अशा वेळी काय होत असेल ते सांगायला नको. ही तुटकी नळी ओढून काढण्याचं एक वेगळं हत्यारच लष्करात मिळायचं, यावरून ती गोष्ट किती नेहमीची होती ते समजावं.

थ्री नॉट थ्रीत हे जास्त घडायचं, त्यालाही कारण आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलातही गोळी आत जावी म्हणून या रायफलींची पोकळी जरा ऐसपैस ठेवली होती. बार उडाला की पितळ फुगून पोकळीच्या भिंतीला घट्ट बसतं, मागे वायू येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आकसून सुटं होतं. पितळ वापरण्याचं सगळं मर्म या फुगण्या-आकसण्यात आहे. पण जागा ऐसपैस असली की पुंगळी लांबीलाही ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होते. पुन्हा भरून पुन्हा उडवली की आणखी पातळ. पुतण्याची वाकवलेली तार शोधत असते ती हीच आतली खाच.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुतण्याने एक प्रश्न विचारला आणि मी अडकलो. "काका, काही जुन्या पुंगळ्या न वापरताच तडकलेल्या असतात. नुसत्या ठेवून. असं का?"

मास्तरला प्रश्न विचारला की त्याला उत्तर शोधावंच लागतं. मी शोधायला लागलो आणि उत्तर सापडलं ते आपल्याच देशात, आपल्याच पावसाळ्यात!

थोडं मागून सांगतो. काडतूस हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. १८५७ सालचं काडतूस शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. ते कागदाचं होतं. दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. चरबीचा सगळा प्रश्न त्या कागदाला लावलेल्या वंगणाचा. त्यानंतर दहा वर्षांच्या आत कागद मागे पडून पितळ आलं. १८६६ सालच्या स्नायडर रायफलीसाठी वुलिचच्या कर्नल बॉक्सर यांनी काडतूस तयार केलं, त्याची भिंत पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. पुढे मार्टिनी-हेन्रीलाही तशीच गुंडाळीची पुंगळी दिली. ती तापली की बंदुकीत चिकटून बसायची. सुदानमध्ये १८८५ च्या जानेवारीत अबू क्लीया इथे ऐन लढाईत बंदुका अडल्या, त्याचा पुढे बराच बोभाटा झाला. मग गुंडाळी गेली आणि एकाच सलग तुकड्यातून ओढून काढलेली पुंगळी आली. ती आजतागायत आहे.

(बॉक्सर साहेबांची एक गंमत सांगायची राहिली. पुंगळीच्या बुडातली जी ठिणगीची टोपी असते, तिच्या दोन तऱ्हा. एक या इंग्रज बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. झालं असं की इंग्रजांच्या लष्कराने बहुतेक थ्री नॉट थ्री बर्डनच्या तऱ्हेने केली आणि अमेरिकेने बॉक्सरची तऱ्हा उचलली. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुनी टोपी सहज ठोकून काढता येते. पुतण्याचा छंद चालतो तो या इंग्रज माणसाच्या कृपेने.)

हे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. त्याची चकती कापायची, दाबून वाटी करायची आणि ती वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब करायची. थंडच ओढायची. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीत कधी उभं राहून बघितलं असेल त्यांना हे नवीन नाही. तिथेही भांडं ठोकतात, भट्टीत घालतात, पुन्हा ठोकतात. फरक इतकाच की तिथे कान बधिर होतात.

आपल्या महाराष्ट्राचा या पुंगळ्यांशी जुना संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. इंग्रजी अमदानीतल्या खडकीच्या थ्री नॉट थ्रीच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं आणि त्यांच्या मधे सरकारी बाण असे. स्वातंत्र्यानंतर बाण गेला, केएफ राहिलं. वर्तमानपत्रात कुठल्याशा गुन्ह्याच्या बातमीत "केएफ लिहिलेली पुंगळी" असं अजूनही वाचायला मिळतं. पुढे १९६४ साली जळगाव जिल्ह्यात वरणगावला कारखाना निघाला. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत वाटले गेले, त्यांतली दारूगोळ्याची जी कंपनी झाली तिचं मुख्यालय पुण्यालाच आहे. असो.

तर आता पावसाळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजांना एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, तेव्हा दारूगोळा छपराखाली कोरडा ठेवायचा. छावणीत भक्कम छप्पर कशाला? घोड्यांच्या पागेला. तिथे पेट्या रचून ठेवायच्या. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या, तर आत न वापरलेल्या, न आपटलेल्या काडतुसांना चिरा! जास्त करून मानेशी, जिथे पितळाने गोळी आवळून धरलेली असते तिथे. कोणी म्हणे माल खराब, कोणी म्हणे हाताळणी वाईट. इंग्रजीत या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. पावसाच्या मोसमात होतो म्हणून हे नाव, असं काही सांगतात. वाळताना लाकूड जसं तडकतं तशा चिरा दिसतात म्हणून, असं दुसरे सांगतात. मी पहिल्या बाजूचा.

कोड्याचा उलगडा इंग्लंडात मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली सविस्तर मांडला. गुन्हेगार होता अमोनिया. पागेत घोड्यांचं मूत कुजून जो डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटतो, तो. दमट हवेत तो पितळावर बसतो आणि त्यातलं तांबं विरघळवू लागतो. पण नुसत्या अमोनियाने पितळ असं फुटत नाही, फार तर निळं-काळं पडेल. त्याला जोडीदार लागतो. तो जोडीदार म्हणजे थंड ओढताना पितळाच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. वरून पुंगळी शांत दिसते, आतून ती सतत स्वतःलाच ओढत असते. अमोनियाने कणाकणांमधली सांध बारीक कुरतडली की हा ताण तिथे चीर पाडतो, चिरेच्या टोकाशी पुन्हा ताजं पितळ उघडं पडतं, पुन्हा कुरतडणं, पुन्हा चीर. ताण नसेल तर अमोनिया हतबल, अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षं मुकाट.

औषध अगदी सोपं निघालं. शेवटचं ओढकाम झालं की पुंगळी बेताच्या आचेवर, साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर, काही वेळ तापवायची. एवढ्याने तिचा कडकपणा जात नाही, पण कोंडलेला ताण निघून जातो. आणि ताण गेला की नाही हे बघायची एक परीक्षाही होती. पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यात नमुन्याची पुंगळी बुडवायची. अंगात ताण असेल तर ती थोड्याच वेळात डोळ्यांदेखत तडकते. मला ही परीक्षा फार आवडली. शाळेतल्या मुलांच्या परीक्षा आम्ही घेतल्या त्यांत असं काही नव्हतं.

हे सगळं मला समजावून दिलं ते इथल्या एका गृहस्थांनी. पवई तलावाच्या काठाने आम्ही काही निवृत्त मंडळी सकाळी फिरतो. त्यांतल्या एकांनी आयुष्य धातुशास्त्रात घालवलं आहे. एरवी ते गुडघ्यांबद्दल बोलतात, पण मी पितळाचं नाव काढल्यावर दोन फेऱ्या जास्त मारल्या. मी त्यांना म्हटलं, आमच्या लहानपणी कल्हईवाला नवसागर टाकायचा तेव्हा तोच वास यायचा की. ते म्हणाले, बरोबर, तो अमोनियाच. मी म्हटलं, मग कल्हई केलेली पातेली का तडकत नव्हती? ते हसले. "अहो, कल्हईला कथील वितळायला हवं, म्हणजे भांडं सव्वादोनशे अंशांच्या वर तापवायला हवं. तुमच्या कल्हईवाल्याने नकळत ताणच काढला थोडा. अगदी कारखान्यासारखा नाही, पण काढला."

आणि मग त्यांनी सहज पुढे म्हटलं, "कल्हई न करणारी भांडी मात्र जायची. पितळी घागरी, कळश्या. गोठ्यात ठेवल्या तर हमखास."

मंडळी, मी तिथेच बाकावर बसलो.

आमच्या घरातल्या वडील मंडळींना घागर म्हटल्यावर कळलंच असेल. धाकट्यांसाठी सांगतो. वाई तालुक्यातल्या आपल्या गावच्या घरी आजीच्या माहेरची एक मोठी पितळी घागर होती. ठोक्याची, गळ्याशी वेलबुट्टी असलेली. मी सातआठ वर्षांचा असेन, त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला आईने ती घासूनपुसून, पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. स्वयंपाकघर गळत होतं म्हणून. गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस. गणपतीत पाहुणे येणार म्हणून घागर खाली काढली, तर गळ्यापासून पोटापर्यंत उभा तडा.

आजी म्हणाली, "आपटलीस." आई म्हणाली, "नाही हो." आजोबांनी घागरीवरून हात फिरवला आणि नुसतं म्हणाले, "पोचा नाही कुठे." पण त्यांचं ते वाक्य कुणी पुढे नेलं नाही. माहेरची वस्तू फुटलेली, आजीचं दुःख खरं होतं. आणि दुसरं कारण कुणाला सुचणार? हात न लावता पितळ फुटतं हे कोण ऐकून घेईल? आईने कबूल केलं असतं तर आठ दिवसांत विषय संपला असता. तिने कबूल केलं नाही, म्हणून फोडण्याबरोबर खोटं बोलण्याचाही ठपका बसला. घरात कप फुटला तरी आजी म्हणायची, "निदान हा फुटलेला दिसला तरी." पुढे पुढे त्याची थट्टा झाली. 'घागर फोडणारी सून' हे मी किती हळदीकुंकवांना, किती मुंजींना ऐकलं असेल! थट्टा करणारे प्रेमाचेच होते. आई हसायची.

माझ्या लग्नानंतरची गोष्ट. नव्या सुनेला घरातल्या गमती सांगायच्या म्हणून मीच चारचौघांत ती घागरीची कथा रंगवून सांगितली. सगळे हसले. रात्री आई भांडी आवरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तरी. मी नव्हती रे आपटली." मी काय म्हणालो ते मला स्पष्ट आठवतं. "बरं बाई, नव्हती आपटली." तसं म्हणालो, ज्या सुरात आपण लहान मुलाची समजूत घालतो.

१९९४ साली आई गेली.

बाकावर बसून मी त्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते शास्त्राचे माणूस, लगेच निकाल दिला नाही. म्हणाले, घागर न बघता मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. आपटूनही भांडी फुटतात. पण आपटलं तर पोचा येतो. पितळ मऊ, ते आधी चेपतं आणि मग फाटतं. पोचा नसताना गळ्यापासून उभा तडा, ठोक्याचं काम, पावसाळाभर गोठ्यावर, आणि पोत्यात गुंडाळलेली म्हणजे ओल धरून ठेवलेली... "तुमच्या आजोबांनी बरोबर जागी हात फिरवला होता," एवढं मात्र ते म्हणाले.

मी घरी येऊन पुतण्याला फोन लावला. तिकडे रात्र होती. त्याला पागेचं आणि पावसाळ्याचं सगळं सांगितलं, घागरीचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मी त्या जुन्या तडकलेल्या पुंगळ्या फेकणार होतो. एक ठेवतो." ठेव म्हटलं.

आता मुख्य काम. वाटण्या झाल्या तेव्हा फुटकी घागर कुणाकडे गेली ते मला माहीत नाही. धान्य ठेवायला वापरायची असं कुणीतरी म्हटल्याचं अंधुक आठवतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, बाल्कनीत, गावच्या घरी ती असेल तर कृपा करून मोडीत घालू नका, आणि तडा झाळून घेऊ नका. मला फोटो हवेत. तडा गळ्यापासून उभाच आहे ना, आजूबाजूला कुठे पोचा आहे का, आणि चिरेच्या कडेला निळसर-हिरवट डाग दिसतात का, एवढं बघा. फोटो काढताना आतून बॅटरी धरा, म्हणजे चीर नीट दिसेल.